बिट्टीचा गुडघा

गल्लीच्या वळणावर कुलथ्यांच्या उजव्या गुडघ्यात कळ आली. त्यांनी स्कूटर थांबवून बायकोला फोन लावला.

“बिट्टी उठली ना?”

“तुमची गाडी वाजली की ती कुणाचं ऐकते?” सुमन म्हणाली. “धरून ठेवलं तरी दाराकडे धावते.”

बिट्टी त्यांची कुत्री. तिच्या मागच्या पायाचं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यात एक बारीक चकती बसवली आणि कुलथ्यांच्या गुडघ्याला पट्टा बांधला. तिकडे दुखलं की इकडे कळायचं. “आता तिला विश्रांती द्या, असं मला वेगळं सांगायला नको,” डॉक्टर म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी कुलथ्यांनी स्कूटर चौकातच लावली आणि चपला हातात घेऊन ते चालत आले. वळणावर कळ आलीच.

तिसऱ्या दिवशी ते ऑफिसातच बसून राहिले. वाट बघून कंटाळेल आणि झोपेल, असा त्यांचा हिशेब होता. ऑफिस सुटायच्या वेळेला गुडघा दुखू लागला. सगळे घरी गेले, दिवे मालवले, तरी दुखणं थांबेना.

सुमनचा फोन आला. “कुठे आहात? ही दारातून हलत नाहीये.”

“माहीत आहे,” कुलथे म्हणाले आणि लंगडत जिना उतरू लागले.