आधीच निघालेला फोटो

तर हृषीने मुक्ताला पन्हाळ्यावर नेऊन लग्नाचं विचारायचं ठरवलं, आणि चोरून फोटो काढायला दिग्या फोटोग्राफरला करवंदीच्या जाळीमागे बसवलं. दिग्याचा कॅमेरा थोड्या वेळानं होणारं आत्ताच टिपणारा. हल्ली सगळे फोटोग्राफर तसलाच वापरतात, म्हणजे कुणाचे डोळे मिटणार असतील तर आधीच कळतं!

मुक्ता चहा आणायला गेली तेवढ्यात दिग्याने मोबाइलवर फोटो धाडला. त्यात मुक्ता ढसाढसा रडत होती आणि हृषी खुळ्यासारखा बघत उभा होता.

"अरे, आनंदानं रडत असेल की!" दिग्या जाळीतून कुजबुजला.

"हे तोंड आनंदाचं आहे होय रे?" हृषीने अंगठी खिशात खोल कोंबली.

मुक्ता चहा घेऊन आली. हृषी आपला हवेवर बोलला, भाजलेल्या कणसांवर बोलला, आणि शेवटी म्हणाला, "चल, निघूया."

"एवढंच? उद्या बाबा सोलापूरच्या स्थळाला होकार कळवणारेत. मला वाटलं, आज तरी विचारशील!" आणि मुक्ता ढसाढसा रडायलाच लागली.

हृषीने धडपडत अंगठी बाहेर काढली.

"मी रडले म्हणून विचारतोयस?" डोळे पुसत ती म्हणाली. "राहू दे." आणि एकटीच गड उतरायला लागली.