प्रभाकरचं पान

"स्पष्टच विचारतो," आफ्रिकेतल्या सरकारतर्फे चौकशीला आलेले साहेब म्हणाले. "आपले धाकटे बंधू प्रभाकर कर्णिक, यांचं घर हे समजायचं की आफ्रिकेतलं?"

तात्यांनी उपरणं सावरलं. प्रभाकर तिकडच्या सरकारात अधिकारी. घर इथलं, नारपोलीचं ठरलं, तर तो परदेशी अधिकारी. दर दोन वर्षांनी सहकुटुंब घरी यायचं तिकीट सरकारचं. नाही ठरलं, तर तो तिथलाच. मग पदरमोड करून येणं त्याला जन्मात झेपायचं नाही. पोराचं तोंड दिसावं म्हणून माई देव पाण्यात घालून बसली होती.

पण पूर्णा गावातल्या वडिलोपार्जित शेतावर गोदामवाल्याचा डोळा होता, आणि तात्यांचा गोदामवाल्याच्या पैशांवर. प्रभाकर आला की निम्मा वाटा मागणार. सख्खा भाऊ झाला म्हणून काय झालं!

तात्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. गणपतीचा नैवेद्य झाला होता. माई सोवळ्यात, मोदकांचा दुसरा घाणा काढत होती. शेजारच्या कापड कारखान्यातले लूम सणासुदीलाही धडधडत होते. ओटीवरचा शब्द आत पोचायचा नव्हता.

"छे हो," ते म्हणाले. "तो तिकडचाच झाला. इथे त्याचं आहे काय?"

साहेबांनी लिहून घेतलं. मग त्यांची नजर आत मांडलेल्या केळीच्या पानांवर गेली. "घरात तिघंच म्हणालात. चौथं पान कुणाचं?"

दर गणपतीला माई प्रभाकरचं पान मांडायची, साग्रसंगीत वाढायची आणि शेवटी गाईला घालायची.

"तुमचंच की!" तात्या हसले. "आज दारातून कुणी उपाशी जातं का? बसा."

साहेब बसले. तात्यांच्या बायकोने, सरोजिनीने, दाराआडून सगळं ऐकलं होतं. तिने मुकाट्याने वाढलं. साहेबांनी मोदकांनाही नको म्हटलं नाही.

ते गेल्यावर माई हात पुसत बाहेर आली. उष्टं पान पाहून तिचा चेहरा फुलला.

"प्रभाकरच्या पानावर बसवलंस? शहाणा रे माझा तात्या! त्यांनी डोळ्यांनीच पाहिलं, त्याचं घर कुठे आहे ते. आता मिळेल ना रे तिकीट?"

"मिळेल," तात्या म्हणाले.

सरोजिनी पान उचलायला वाकली. माईने तिचा हात धरला.

"थांब, मी उचलते. पाहुण्याचं पान आपण उचलायचं. पुढच्या वर्षी हे पान प्रभाकर स्वतःच उचलेल. घरचाच ना तो."