सिमेंट आवळण्याआधी

ठण्.

तिसऱ्या ठोक्यानंतर डॉ. जिजोने हातोडी थांबवली आणि सवयीने विचारलं, "चेची, बसली?"

बाजूला नवी नर्स उभी होती. अकरा वर्षं त्याच्याशेजारी उभं राहून हत्यारं देणारी नर्स थ्रेस्यम्मा, सगळ्यांची चेची म्हणजे ताई, आज टेबलावर आडवी होती. उघडलेला गुडघा तिचाच होता.

मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी ठोकतात. ती पुरती बसली की आवाज बदलतो, जाड होतो. केरळातल्या मूवाट्टुपुळाच्या या मिशन हॉस्पिटलात तो बदल पहिल्यांदा चेचीच्या कानाला कळायचा. "अजून एक, मोने," ती लेकाला सांगावं तसं सांगायची. नाहीतर, "पुरे." जिजो तिथे थांबायचा. नंतरचा एक्स-रे दर वेळी तिच्याच बाजूने बोलायचा.

ती निवृत्त झाली, आणि जिजोने गुडघ्यांचे रुग्ण कोचीला धाडायला सुरुवात केली. पाच महिने. कोणी विचारलं तर म्हणायचा, तिथली यंत्रं चांगली आहेत.

मग एक दिवस चेचीच लंगडत आली. "मला कोचीला पाठवलंस तर तुझ्या आईला जाऊन सांगेन."

आता ती कमरेखाली बधिर होती. डोकं हिरव्या पडद्यापलीकडे.

"झोपलीय का?" जिजोने भूल देणाऱ्या शैलजा डॉक्टरांना विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं. क्षणभर जास्तच पाहिलं.

"डोळे मिटलेत."

नवी नर्स टोपी चिकटवून उरलेल्या सिमेंटची गोळी बोटांत दाबून बघत होती. "सर, आवळायला लागलंय."

टोपी केसभर वर राहिली तर हा पाय पुरता सरळ होणार नाही, कधीच. ठोका जास्त झाला तर पासष्ट वर्षांचं हाड चिरेल. डोळ्यांना सगळं ठीक दिसत होतं. डोळ्यांना नेहमीच ठीक दिसतं.

"सक्शन बंद करा."

घरघर थांबली. जिजोने मनात तिसरा ठोका पुन्हा वाजवला. पातळ होता.

होता का?

पुन्हा वाजवला.

पातळ होता.

"अजून एक," तो म्हणाला. खोलीत कोणालाच उद्देशून नव्हतं ते.

ठप्प.

असा भरलेला आवाज त्याने आजवर शेकडो वेळा ऐकला असेल. ओळखला आज.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वॉर्डात गेला, तेव्हा चेची सुनेला झापत होती. सुनेने मायेने गुडघ्याखाली उशी सरकवली होती. "उशी टाचेखाली. गुडघा मऊ जागी ठेवला की वाकडाच राहतो. काढ." उशी निघाली. चेचीने दात आवळून गुडघा गादीवर दाबला. जिजोने खाली तळहात घालून पाहिला. शिरेना, पाय पुरता सरळ टेकला होता. मग वॉकर आला. ती उठली, बारा पावलं गेली, बारा परत आली, आणि घामेजल्या कपाळाने भाताच्या कांजीचा वाडगा मागितला.

जिजोचा चेहरा फुलला होता. "ऐन वेळी झोपलीस, चेची. मला एकट्यालाच सोडलंस."

चेचीने दोन घोट घेतले. तोंड पुसलं.

"झोपेचं इंजेक्शन मी घेतलंच नव्हतं. शेवटच्या ठोक्याआधी केवढा वेळ लावलास, मोने? जीभ दातांत धरून पडले होते मी."