पाठमोरी नशरा

कॅमेरा वर झाला की कीर्तीबाईंच्या चौथीतली नशरा मागच्या रांगेतल्या कुणाची तरी वेणी ओढायला वळायचीच. यात एकदाही खंड पडला नाही. "तुझ्या पाठीचाच फोटो घरी पाठवीन हं," बाई म्हणायच्या.

गणपतीच्या सुट्टीत ती तापाने गेली. मग पनवेलच्या एसटी स्टँडवर तिच्या आईचा, शहाबानोचा, मोबाईल चोरीला गेला, आणि त्यातले लेकीचे सगळे फोटोही गेले.

"मॅडम, शाळेच्या एखाद्या फोटोत तरी चेहरा आला असेल ना?" शहाबानोने विचारलं. "मला हल्ली तो नीट आठवत नाही."

नाही म्हणायला बाईंची जीभ रेटेना. निरोप समारंभाचा व्हिडिओ त्यांनी केलाच होता. फोटो टाकायचे, गाणं निवडायचं, बाकी सगळं ती वेबसाइटच जुळवते. त्यांनी शहाबानोला शेजारी बसवून तो लावला.

पहिल्या फोटोत नशराची पाठच होती. दुसऱ्यात थोडा गाल दिसला. बाईंनी तो फोटो कितीदा तरी पाहिला होता, त्यात गाल नव्हता. तिसऱ्यात पापणी आली.

"वळ बेटा," शहाबानो पुटपुटली, "अजून थोडी."

शेवटचा फोटो कालच काढलेला, नशरा नसलेल्या वर्गाचा. व्हिडिओ थांबवायला बाईंचा हात माउसकडे गेला. शहाबानोने तो घट्ट धरला.

फोटोत अख्खा वर्ग पाठमोरा उभा होता. मधोमध एकटी नशरा समोर बघत हसत होती.

"हीच," शहाबानो रडत म्हणाली. "हीच माझी लेक."

कीर्तीबाई शेजारच्या वर्गात बसलेल्या आपल्या चौथीतल्या मुलांचे चेहरे आठवू लागल्या. एकही आठवेना.