डमी लोड

"उद्याची बॅग भरून झाली," बायको माडीच्या दारातूनच म्हणाली. "खाली सांगून येऊ का?"

"नको."

"अहो, हृदयाचं ऑपरेशन आहे. दाढ काढायला नाही चाललात."

"नको म्हटलं ना."

खाली म्हणजे तळमजल्यावर, धाकट्या भावाकडे. एकाच जिन्याने ये-जा करणारे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. वडील हौशी रेडिओवाले, मोर्सची भाषा दोघांना त्यांनीच शिकवलेली. ते गेले आणि त्यांचा संच धाकट्याने न विचारता खाली नेला, तिथून बिनसलं. थोरला हट्टाला पेटला. त्याने स्वतःचाच संच बनवायला घेतला. आराखडा स्वतःचा, कॉइली हाताने गुंडाळलेल्या, बोलणं आणि ऐकणं दोन्ही एकाच संचात. वर्ष होत आलं तरी संच टेबलावर उघडाच होता. पत्र्याचा डबा चढवला की दुसऱ्या दिवशी काहीतरी सुधारावंसं वाटायचं, की पुन्हा सगळे स्क्रू काढा. शेवटी त्याने डब्याचा नादच सोडला.

बायको पाय आपटत आतल्या खोलीत गेली. त्याने हेडफोन चढवले आणि डमी लोड घट्ट बसलाय का ते पाहिलं. डमी लोड म्हणजे एक जाडजूड रेझिस्टर. चाचणी घेताना अँटेनाच्या जागी तो लावायचा, असा या मंडळींचा शिरस्ता. संचातून निघालेलं सगळं तो गिळतो आणि नुसता तापत बसतो. हवेत काही जात नाही, कुणाला त्रास नाही. चाचणीपुरतं काहीबाही ठोकायचं. बाकीचे एकच अक्षर ठोकत बसतात. थोरला धाकट्याला शिव्या घालायचा.

रोज दुपारी, अगदी नेमाने. चोर, ढोंगी, बापाचा लाडका. मराठीच, पण रोमन अक्षरांत, लहानपणी दोघे खाटेवर बसून ठोकायचे तशी. तोंडाने बोलायची छाती नव्हती ते बोटाने बिनदिक्कत बाहेर पडायचं, आणि मग कसं मोकळं वाटायचं. एका दुपारी तर त्याने कहर केला होता. वांझ बायको पदरात पडली तेच बरं झालं, तुझं बी पुढे जायला नको, असं ठोकलं होतं. ठोकून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. पण ऐकायला होतं कोण?

आज शिव्या सुचत नव्हत्या. बोट मोर्सच्या कळेवर तसंच राहिलं. मग त्याने सावकाश ठोकलं, "उद्या ऑपरेशन आहे. तुला सांगणार नाही. भीती वाटते."

हात उचलला तसा संच आपोआप ऐकण्यावर आला. हेडफोनमध्ये नेहमीची खरखर. त्या खरखरीतून बारीक शिट्टीसारखा एक सूर उठला, तुटत तुटत. त्याने सवयीने अक्षरं जुळवली.

"दादा."

डमी लोड जागेवर होता, हात लावला तर चटका बसला. मग त्याची नजर उघड्या संचावर गेली. डबा नाही. प्रत्येक कॉइल उघडी, प्रत्येक वायर उघडी. परगावी नाही, पण एक मजला खाली, वडिलांच्या संचावर, सहज ऐकू जाईल इतकं त्यातून हवेत सांडत होतं. नवशिक्यानेही केली नसती अशी चूक, आणि तीसुद्धा वर्षभर. वर्षभर तो ज्याच्या नावाने बोटं मोडत होता त्याच्या कानात ती मोडत होता.

पण हा हात धाकट्याचा नव्हता. धाकटा भरभर ठोकायचा आणि घाईत शेवटचं अक्षर गिळायचा. हा हात अगदी नवखा, एकेक अक्षर चाचपडत येणारा.

"हे ऑफिसात आहेत. आले की सांगते. घाबरू नका. उद्या आम्ही दोघं येतो."

धाकट्याची बायको. जिन्यात समोर आली की भिंतीला चिकटून वाट देणारी, खाली मान घालून जाणारी. शिव्यांचं थोरल्याला काही वाटेना, भावाभावांच्या शिव्या त्या. त्याला फक्त ती एक दुपार आठवत होती. ती किती महिन्यांपूर्वीची होती? तेव्हा हिला कळत होतं का? कळत नसेल. नक्कीच नसेल. हात इतका कच्चा आहे, आत्ता आत्ताच शिकली असेल.

विचारल्याशिवाय राहवेना. घाईत दोन शब्द पुन्हा ठोकावे लागले.

"मोर्स कधी शिकलीस?"

आत बायको कपाटाचं दार उघडझाप करत होती, तिला टॉवेल सापडत नव्हता. त्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

"आधी सुट्टीच्या दुपारी हेच ऐकून मला अर्थ सांगायचे. आम्ही हसायचो. दादा चिडले की मजा येते म्हणायचे."

एक अक्षर चुकलं, ते तिने पुन्हा ठोकलं.

"एकदा ऐकता ऐकता हे उठून गेले. काय म्हणाले दादा, विचारलं. काही नाही म्हणाले. रात्री जेवले नाहीत."

पुन्हा खरखर. त्याला वाटलं, संपलं. मग तो नवखा हात शेवटचं एकदा आला, सावकाश, एकही अक्षर न चुकता.

"म्हणून शिकले."