पलंगाशेजारचं बटण

"काका, बेलचं बटण एवढं खाली कुणी बसवलं?" जुनं कपाट हलवल्यावर भिंतीत पितळी बटण दिसलं, तसं वायरमन मुनीरने विचारलं.

घराचं काम निघाल्यापासून जे जे सापडलं, त्याची गोष्ट मी रचून सांगत होतो. चिनी मातीचा फ्यूज म्हणजे संस्थानिकाची अत्तरदाणी. शिशाच्या पाइपातून थेट काशीची गंगा यायची. मुनीर हसून हसून शिडीवरून पडायचा बाकी होता.

या बटणाची गोष्ट मात्र घरात सगळ्यांना पाठ होती. तीच त्याला सांगितली. माझी बायको अंथरुणाला खिळलेली. तिने बटण दाबलं की पुढच्या खोलीत बेल वाजायची. ती गेली त्या दुपारी वाजली नाही, कारण उंदरांनी वायर कुरतडली होती.

मुनीर वायरीचा माग काढत पुढच्या खोलीत गेला. बेल उघडून तिथूनच ओरडला, "उंदीर कसले, काका! वायर अख्खी आहे. कुणीतरी स्क्रू सैल करून ती काढलीय आणि टोकाला टेप गुंडाळलीय, नीट."

दारात उभ्या असलेल्या माझ्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. बेल दिवसभर वाजत असे. त्या दुपारी मला फक्त तासभर झोप हवी होती. वीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सवयीने मी घसा खाकरला.

"नको बाबा," तो म्हणाला. "आज गोष्ट नको."