पेशींचं पथ्य

भिजवणाचं पातेलं मी पुढे सरकवलं, तर सूनबाईने हात मागे घेतले.

"आई, पीठ फेटायला सांगू नका. लॅबमधल्या माझ्या पेशी परत मेल्या. त्यांच्या अन्नात आंबवणाचे जंतू शिरले. मॅडम म्हणतात, माझ्याच हाताकपड्यांवरून जात असतील. आता पुन्हा मेल्या, तर कॅन्सरच्या औषधाचं काम दुसऱ्या कुणाला देणार."

एवढं बोलून ती रडायलाच लागली. मेलेलं काय, तर डोळ्यांना न दिसणारं! पण रडणं खरं होतं.

आमच्या आंबोळ्यांना अख्खी आळी नावाजते. हाताने फेटल्याशिवाय त्यांना जाळी पडत नाही, हे तिला मीच शिकवलेलं. मी पातेलं उचललं नि शेजारणीला देऊन आले.

"तुझ्या पेशी जगेपर्यंत या घरात काही आंबणार नाही."

माहेरपणाला आलेल्या वन्सं फणकारल्या, "सुनेच्या नखऱ्यांपायी मी भाकरी चावायची?"

"चावा की. माणसं चावण्यापेक्षा बरं."

पावसाळाभर आम्ही भाकऱ्या खाल्ल्या. काल दुपारी तिचा लॅबमधून फोन आला, तोंड दिसतं तो. "आई, जगल्या! उद्यापासून औषध द्यायचं," म्हणत तिने फोन तिथल्या भिंगाला लावला.

मला तर तांदळाच्या धुवणात कण तरंगावेत तसं दिसलं. तिकडे मात्र तिचा श्वास अडकलेला, सासू काय म्हणते म्हणून.

"कुणावर गेल्यात, सांगू?" मी म्हटलं. "तुझ्यावरच. दिसायला नाजूक, पण चिवट."